वाचकांचे प्रश्न : उंच गाडी वळणावर स्थिर कशी ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे 2021 ची तीन दारांची महिंद्रा थार आहे, डिझेल, फोर बाय फोर आणि पक्क्या छताची. गाडी 52 हजार किलोमीटर चालली आहे. आमची शेती शाहूवाडी तालुक्यात आहे आणि पावसाळ्यात शेवटचे चार किलोमीटर निव्वळ चिखल व दगड असतात, त्यामुळे गाडीची कच्च्या रस्त्यावरची ताकद मला कमी होऊ द्यायची नाही. मात्र वर्षातले बहुतेक दिवस ती कोल्हापूर–पुणे महामार्गावर असते आणि महिन्यातून दोनदा आंबा घाटाने रत्नागिरीला जाते. घाटात गाडी एवढी झुकते की मागे बसलेल्या आईला मळमळते, आणि महामार्गावर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा वरखाली डोलते. पुढे लोखंडी बंपर व विंच आणि छतावर कॅरिअर मी बसवून घेतले आहे. गेल्या वर्षी मूळ 255/65 आर 18 टायर काढून 17 इंची रिमवर 285/70 आर 17 मापाचे ऑल-टेरेन टायर घातले. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आतल्या प्लास्टिकला घासतात. एका गॅरेजवाल्याने गाडी उचलणारी दोन इंचांची लिफ्ट किट व कडक स्प्रिंग सुचवल्या आहेत, दुसऱ्याने जाड स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुक रोखणारी दांडी. यांपैकी काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रथम एक दिलासा. आपल्या गाडीत नव्याने विकत घेऊन बसवण्यासारखे फार थोडे आहे. काढून ठेवण्यासारखे मात्र बरेच आहे. लिफ्ट किट घेऊ नये, आणि जाड बारचा विचार बाकी सगळे करून झाल्यावर, तेव्हाही गरज वाटली तरच करावा.

आपण दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू. वळणावर झुकणे हा वजनाचा, ते वजन किती उंचावर आहे याचा आणि स्प्रिंग व बार यांचा विषय आहे. पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर डोलत राहणे हा जवळजवळ पूर्णपणे शॉक अब्सॉर्बरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपचा, विषय आहे. सांध्यावरून गेलेली गाडी एकदा वर जावी, खाली यावी आणि बसावी. ती दोन-तीनदा डोलत असेल, तर दगडधोंड्यांतून चाललेल्या 52 हजार किलोमीटरांनंतर शॉकअप थकले आहेत असेच मी समजेन. बॉनेटवर हाताने दाब देऊन सोडण्याची जुनी परीक्षा एवढ्या जड गाडीला फारशी लागू पडत नाही. त्याऐवजी ताशी 20–25 किलोमीटरने गतिरोधकावरून गाडी न्यावी आणि कुणाला तरी बाजूला उभे करून मागचा भाग किती वेळा उसळतो ते मोजायला सांगावे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला, तर मोजण्याचीही गरज नाही.

आता या सगळ्या उत्तराचा जो गाभा आहे तो सांगतो, कारण पैसे कुठे घालायचे हे त्यावरूनच ठरते. स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार हे दोन्ही भाग चाक आपल्या जागेपासून किती सरकले याला विरोध करतात. शॉकअप मात्र चाक किती वेगाने सरकते आहे यालाच विरोध करतो. शेताच्या वाटेवर आपण ताशी चार-पाच किलोमीटरने एखाद्या दगडावर पुढचे डावे चाक चढवता, तेव्हा ते चाक वर आणि मागचे उजवे चाक खाली जाण्याची जी मोकळीक लागते, तीवर गाडीची सारी ताकद अवलंबून असते. चारही चाके जमिनीला टेकलेली राहिली तर गाडी चढते, एक हवेत गेले की तेच चाक गरगरू लागते. कडक स्प्रिंग आणि जाड बार ही मोकळीक कायमची कापून घेतात. शॉकअप चांगला ताकदीचा असला तरी तो चाकाला फार तर थोडा वेळ लावील, पण शेवटपर्यंत जाऊ देईल, कारण चाक थांबले की त्याचा विरोधही संपतो. महामार्गावर आणि घाटात मात्र गाडीचे अंग अर्ध्या-पाऊण सेकंदात झुकते, सांध्यावर त्याहून लवकर हलते, आणि तिथे हाच शॉकअप पूर्ण जोराने काम करतो. म्हणजे रस्त्यावरची स्थिरता वाढवूनही कच्च्या वाटेवर जवळजवळ काहीच न हिरावणारा एकच भाग सस्पेन्शनमध्ये आहे, आणि आपल्याला दोन्ही गॅरेजवाल्यांनी नेमका तोच सोडून बाकीचे सारे सुचवले आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लांब, एकसारख्या वळणात शॉकअप शेवटची झुक कमी करत नाही. गाडी अखेर तेवढीच कलते. फरक पडतो तो ती कशी कलते यात. थकलेल्या शॉकअपची गाडी एकदम एका कुशीवर पडल्यासारखी झुकते, थोडी जास्तच जाते आणि मग परत येते. चांगल्या शॉकअपची गाडी सावकाश कलून तिथेच स्थिर राहते. चालकाच्या हाताला आणि मागे बसलेल्यांच्या पोटाला जो त्रास होतो, तो बहुतांशी त्या एकदम झुकण्याचा आणि परत येण्याचा असतो.

शॉकअप निवडताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली अशी, की त्याची झडप दट्ट्याच्या मंद हालचालीला पुरेसा विरोध करते का. अंग झुकणे ही दट्ट्याच्या दृष्टीने मंद हालचाल असते, तर खड्ड्यात चाक आदळणे ही वेगवान. ज्याची झडप मंद हालचालीला घट्ट आणि वेगवान हालचालीला सैल पडते, तो शॉकअप घाटात गाडीला आवरतो आणि खड्ड्यात हाडे खिळखिळी करत नाही. ज्याची झडप दोन्हीकडे सारखीच घट्ट, त्याची गाडी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फार छान वाटते. खरेदीचा निर्णय नेमका तिथेच होतो, ही या धंद्यातली गंमत आहे. दुसरा प्रश्न उष्णतेचा. खडकाळ रस्त्यावर तासभर चालल्यावर शॉकअपमधले तेल तापते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि विरोध ओसरतो. एका नळीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात दाबून ठेवलेला असल्याने फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर पडते. परंतु दट्टा बाहेरच्याच नळीत फिरत असल्यामुळे दगडाचा मार बसून नळीला पोचा पडला, तर तो तिथेच अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरचा पोचा बराच सोसतो, पण तो लवकर तापतो. आपल्या वाटेवर दगड आहेत, पण अंतर चारच किलोमीटर आहे. आपल्यासाठी मी मोठ्या व्यासाचा, वायू भरलेला, दोन नळ्यांचा शॉकअप निवडेन आणि त्याची लांबी मूळ गाडीइतकीच ठेवेन.

आता वजनाकडे येऊ. वळणात गाडीच्या वजनाचा किती हिस्सा बाहेरच्या चाकांवर सरकतो हे तीनच गोष्टी ठरवतात : वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर. हिशेबासाठी गाडी 1,800 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर आणि चाकांमधील अंतर दीड मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचे वळण घेतले, तर 420 किलोंचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या सूत्रात स्प्रिंग नाही आणि बारही नाही. बार कितीही जाड घातला तरी हे 420 किलो कमी होत नाहीत. त्यातले पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती, एवढीच वाटणी बदलते. गाडी कमी झुकते म्हणून तिची पकड वाढली, असे मानणे हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

गुरुत्वमध्याची उंची मात्र आपल्या हातात आहे. छतावरचे कॅरिअर आणि त्यावरचे सामान मिळून 60 किलो झाले आणि ते जमिनीपासून 190 सेंटीमीटरवर असले, तर वरच्या हिशेबातला गुरुत्वमध्य 70 वरून जवळपास 74 सेंटीमीटरवर जातो. मोठ्या टायरांमुळे गाडी सुमारे दोन सेंटीमीटर उचलली गेली आहेच. त्यात दोन इंचांची लिफ्ट घातली, की ॲक्सल आणि चाके उचलली जात नसल्यामुळे पूर्ण पाच नव्हे, पण चारेक सेंटीमीटर आणखी वाढतात आणि आपण 80 वर पोहोचतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा संस्था गाडी उलटण्याच्या शक्यतेसाठी जो साधा अंक वापरते, तो चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून मिळतो; अंक जितका कमी, तितकी उलटण्याची शक्यता जास्त. बसक्या मोटारींचा हा अंक साधारण 1.3 ते 1.5 असतो, एसयूव्हींचा 1 ते 1.3. आपली कल्पित गाडी 1.07 वर होती. कॅरिअर, टायर आणि लिफ्ट मिळून ती 0.94 वर येते. म्हणूनच माझा पहिला सल्ला फुकटचा आहे : कॅरिअर उतरवून घरी ठेवावे, आणि जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवावे.

विंच आणि लोखंडी बंपरचा प्रश्न वेगळा आहे. ते उंचावर नाहीत, पण पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लोंबकळत आहेत. त्यामुळे पुढच्या स्प्रिंग दबतात, वळणात नाक बाहेर ओढले जाते आणि ब्रेक लावल्यावर ते अधिक खाली झुकते. शेताच्या वाटेवर विंच वर्षातून किती वेळा वापरता, याचा एकदा हिशेब करावा. तो दोन-तीन वेळांपेक्षा कमी असेल, तर पट्टा, शॅकल आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुरेसा आहे. विंच ठेवायचाच असेल, तर फक्त पुढच्या स्प्रिंग त्या वजनासाठी बनवलेल्या घ्याव्यात, म्हणजे गाडी मूळ उंचीवर परत येईल. अशी स्प्रिंग थोडी कडक असते, पण ती वजनाच्या प्रमाणात असते. गॅरेजवाला सुचवतो त्या सरसकट कडक स्प्रिंगा मागच्या रिकाम्या भागाला घातल्या, तर गाडीची मागची चाके खडबडीत वळणावर जमिनीवर टिकण्याऐवजी उड्या मारत बाहेर सरकू लागतील.

टायरांबद्दल लिहिताना मला थोडे कठोर व्हावे लागेल. 255/65 आर 18 चा व्यास 789 मिलिमीटर असतो आणि 285/70 आर 17 चा 831. म्हणजे वाढ 5.3 टक्के. काटा 100 दाखवतो तेव्हा आपण 105 ने जात असता, गिअर तेवढे लांब झालेले असतात, ब्रेकला मोठा घेर थांबवावा लागतो, आणि प्रत्येक जड चाक खड्ड्यात आदळल्यावर त्याला आवरण्याचे काम त्याच थकलेल्या शॉकअपवर पडते. इतके करून जमिनीपासूनची उंची वाढली ती 21 मिलिमीटर. शिवाय टायर घासतो म्हणून लिफ्ट, लिफ्टमुळे पुढच्या शाफ्टचे सांधे तिरपे आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला, गाडी सरळ ठेवणारा कोन) कमी, कॅस्टर कमी म्हणून स्टिअरिंग सैल. एका खरेदीतून दुसरी खरेदी अशी जन्माला येते. मूळ 18 इंची रिम अजून घरात असतील, तर पुढच्या वेळी त्यांवर मूळ मापाचेच चांगले ऑल-टेरेन टायर घालावेत. लाल मातीच्या चिखलात जास्त उपयोग खाचांच्या खोलीचा आणि हवा कमी करण्याचा होतो, व्यासाचा नव्हे.

हवा हे तर सस्पेन्शनमधले सर्वांत स्वस्त साधन आहे. डांबरी रस्त्यावर दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना हवा भरावी. विंच आहे तोवर पुढे दोन पौंड जास्त चालतील. शेताच्या वाटेला लागताना ती 18–20 पौंडांवर आणावी, वेग ताशी 30 च्या आत ठेवावा, आणि डांबरीवर येताच छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरावी. हे करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. पण कंटाळ्यापोटी लोक दोन्हीकडे चालेल अशी मधलीच हवा ठेवतात, आणि मग टायरची भिंत घाटात लोळते व चिखलात मात्र पुरेशी पसरत नाही.

शॉकअप बदलण्यासाठी गाडी उचललीच असेल, तेव्हा सांध्यांमधले रबरी बुश, बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर बारच्या लिंक तपासून घ्याव्यात. मूळ बारच्या लिंक झिजल्या असतील, तर बार सुरुवातीचा काही भाग नुसताच खडखडतो आणि उशिरा पकडतो. अशा गाडीला जाड बार घालणे म्हणजे कडी तुटलेल्या दाराला मोठे कुलूप लावणे आहे. बुश रबराचेच घ्यावेत. पॉलियुरेथेनचे कडक बुश पुढच्या विशबोनला काही प्रमाणात ठीक असतात, परंतु मागच्या अखंड ॲक्सलच्या दांड्यांना ते घातले, तर ॲक्सल तिरपा होताना दांड्यांना जो पीळ बसतो तो ते सोसत नाहीत आणि चाकांची मोकळीक तिथे अडते. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट करावे, आणि त्या वेळी फक्त टो (चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत ते माप) नव्हे तर कॅस्टरचेही आकडे छापून मागावेत.

एवढे झाल्यावर महिनाभर गाडी चालवावी. तरीही झुक खटकत असेल, तर आणि तरच, मागे किंचित जाड बार घालण्याचा विचार करावा. पुढे जाड बार घातला तर विंचच्या वजनाने आधीच बाहेर जाणारे नाक आणखी बाहेर जाईल. मागच्या बारने नाक आत वळते, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड थोडी कमी होते, म्हणून फार जाड नको. आपल्या गाडीला मागचा डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, असेल, तर मोकळीक थोडी कमी झाल्याचे नुकसान तो बरेचसे भरून काढतो; नसेल, तर शेताच्या फाट्यावर थांबून बारची लिंक सोडता येईल अशी व्यवस्था करावी आणि परत येताना ती न विसरता जोडावी.

राहिला आपल्या आईच्या मळमळीचा प्रश्न. पाच सेकंदांत एक, अशा मंद हेलकाव्यांनी माणसाला सर्वाधिक मळमळते, असे गतिजन्य मळमळीच्या अभ्यासातून दिसून आले आहे. घाटात एकापाठोपाठ येणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांची लय जवळपास तीच असते. थारचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) 2,450 मिलिमीटर, म्हणजे आखूड, आणि मागची सीट जवळजवळ ॲक्सलवरच. कोणताही शॉकअप ही मांडणी बदलू शकत नाही. आईंना पुढे बसवावे, वळणाआधीच वेग उतरवून घ्यावा, आणि वळणात ब्रेक व ॲक्सिलरेटर यांची अदलाबदल टाळावी. पहिल्या घाटातच फरक जाणवेल, आणि कदाचित शॉकअपच्या खर्चापेक्षा जास्त.

प्रश्न : स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्स यांच्या मागच्या ॲक्सलला ‘वॉट्स लिंकेज’ असल्याचे विक्रेते आवर्जून सांगतात. त्याने खरोखर काही फरक पडतो का, की ते नुसते नाव आहे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : फरक पडतो. अखंड ॲक्सल कॉइल स्प्रिंगवर बसवला, की तो आडवा सरकू नये म्हणून काहीतरी बंधन लागते. सर्वांत सोपे बंधन म्हणजे पॅनहार्ड रॉड : एक टोक गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे ॲक्सलला जोडलेली आडवी दांडी. पण एका टोकाला बांधलेली दांडी वरखाली होताना वर्तुळाचा तुकडाच काढणार, त्यामुळे ॲक्सल वर जाताना किंचित एका बाजूला सरकतो. महामार्गावर लाटांसारख्या खालीवर रस्त्यावर गाडीचा मागचा भाग शेपूट हलवल्यासारखा वाटतो, त्याचे एक कारण हे असते. वॉट्स लिंकेजमध्ये दोन दांड्या विरुद्ध बाजूंनी येऊन मधल्या एका फिरत्या तुकड्याला जोडलेल्या असतात. एकीची वर्तुळाकार चूक दुसरी खोडून काढते, आणि ॲक्सल जवळजवळ सरळ रेषेत वरखाली होतो. ही युक्ती जेम्स वॉटने 1784 च्या पेटंटमध्ये वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ चालावा म्हणून मांडली होती. मोटारी तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. चाकांची मोकळीक न कापता रस्त्यावरची स्थिरता वाढवणारी जी थोडी साधने आहेत, त्यांत मी हिला वरचे स्थान देईन. मात्र सांधे जास्त म्हणजे बुशही जास्त. चिखलातून आल्यावर मधला फिरता तुकडा पाण्याने धुवावा, आणि दर सर्व्हिसला त्याची ढिलाई हाताने पाहावी.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने गाडी महामार्गावर अधिक स्थिर राहते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शिवाय आपण चिखलात हवा काढून पुन्हा कॉम्प्रेसरने भरणार असाल, तर पहिल्याच सहलीनंतर त्या पैशांची हवा होते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1997 ची मारुती जिप्सी आहे. ताशी 60 च्या पुढे स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे दुरुस्त करत राहावे लागते. पाटे कडक आहेत म्हणून ते काढून कॉइल स्प्रिंग बसवून देतो, असे एक जण म्हणतो. करावे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : करू नये. पाटे हे जिप्सीमध्ये नुसते स्प्रिंगचे काम करत नाहीत. ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवे धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. ते काढले की त्या सगळ्या कामांसाठी नव्या दांड्या, नवे कंस आणि नवे वेल्डिंग लागते, आणि ते सगळे नेमक्या कोनात बसवणारा कारागीर क्वचित भेटतो.

आपली तक्रार झिजेची आहे. पाट्यांना सांगाड्याशी जोडणाऱ्या शॅकलचे बुश, पाट्यांच्या पुढच्या डोळ्यातले बुश, किंगपिनच्या बेअरिंग, ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंग बॉक्सची ढिलाई या क्रमाने तपासावे. एकाने स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली आडवे होऊन पाहावे; कोणता सांधा आधी स्वतःतच हलतो आणि चाक उशिरा, ते डोळ्यांना दिसते. पाटे खोलून त्यांतला गंज घासून ग्रीस लावले, तर घर्षण कमी होऊन गाडी खड्ड्यात मऊही होईल. कुणी पूर्वी मागे जास्तीचा पाटा घातलेला असेल, तर तो काढावा. मागचा भाग उचलला गेला की पुढचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी सरळ चालायचे विसरते. जिप्सीचे निर्माते स्वतः या दुखण्याशी झगडले होते : 1993 साली त्यांनी दोन्ही ॲक्सलांवर चाकांमधील अंतर 90 मिलिमीटरने वाढवून पुढे 1,300 मिलिमीटर केले. आपली गाडी त्या रुंद पिढीतली आहे, एवढे भाग्य आपल्याला आधीच लाभलेले आहे. चाकांना स्पेसर घालून ती आणखी रुंद करण्याच्या फंदात पडू नये. बेअरिंगवरचा ताण वाढेल आणि प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमध्ये जाणवेल.

प्रश्न : मी मस्कतला असतो आणि निस्सान पॅट्रोल चालवतो. शुक्रवारी कधी वहीबाच्या वाळूत, कधी जबल अख्दरच्या चढावर जाणे होते. मेकॅनिक म्हणतो की या गाडीला स्टॅबिलायझर बारच नाही आणि तो बसवून घ्यावा. (एक वाचक, मस्कत)

उत्तर : मेकॅनिकचे पहिले वाक्य बरोबर असू शकते, दुसरे नाही. वाय 62 पिढीच्या पॅट्रोलच्या काही आवृत्त्यांत बारऐवजी चारही चाकांवरचे शॉकअप तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. वळणात डावीकडची दोन्ही चाके दबली, की तेलाचा दाब वाढून गाडी सरळ राहते. वाळूच्या कडेवर एक चाक वर आणि त्याच बाजूचे दुसरे खाली गेले, की तेल एकातून दुसऱ्यात वाहते आणि चाके मोकळी होतात. टोयोटाच्या लँड क्रूझर व प्राडोच्या काही आवृत्त्यांतली केडीएसएस ही पद्धत याच विचाराची, ऑस्ट्रेलियातील कायनेटिक या कंपनीच्या कामातून आलेली आहे. फरक एवढाच, की तिथे बार असतात आणि तेलाचे सिलिंडर गरजेप्रमाणे त्यांना बांधतात किंवा सोडतात. घाटात बांधलेली आणि दगडात मोकळी, ही जी गोष्ट कोल्हापूरच्या वाचकांना फाट्यावर उतरून पाना लावून करावी लागेल, ती आपली गाडी आपोआप करते आहे.

तेव्हा बार बसवू नये. गाडी अलीकडे जास्त झुकू लागली असेल, किंवा उभी असताना एका बाजूला कललेली दिसत असेल, तर तेलाची गळती आणि दाब जिथे या प्रणालीची यंत्रे आहेत अशाच ठिकाणी तपासावा. त्यातला एकच शॉकअप साध्या शॉकअपने बदलणे चालत नाही. वाळूतून उतरल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय जबल अख्दरचा उतार उतरू नये, हे आपणास ठाऊक असेलच. तरी लिहून ठेवतो.

प्रश्न : सस्पेन्शनमध्ये बदल केल्यास आरटीओची किंवा विम्याची अडचण येते का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. झिजलेला शॉकअप, बुश किंवा स्प्रिंग काढून त्याच मापाचा भाग घालणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणारी लिफ्ट, निर्मात्याने त्या मॉडेलला न दिलेल्या मापाचे टायर आणि लोखंडी बंपर यांबाबत मात्र अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रश्न विचारू शकतो. बदल करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे, तिचे उत्तर लेखीच घ्यावे आणि ते पॉलिसीसोबत गाडीत ठेवावे.